थेंब टिकला पाहिजे

२२४. बुबुळाला बुरशी लागली, तर तीन आठवड्यांत डोळ्यात घालायचे हे थेंब. दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत २०१०-११ मध्ये ३२३ रुग्णांवर नॅटामायसिन आणि व्होरिकोनाझोल या औषधांची तुलना झाली. पहिला आठवडा जागेपणी दर तासाला एक थेंब, पुढचे दोन आठवडे दर दोन तासांनी. सोळा तासांचा दिवस धरा : ११२ अधिक ११२. या तुलनेत नॅटामायसिन सरस ठरलं, विशेषतः फ्युजेरियम बुरशीवर.

हा आजार बहुतेकदा शेतात जडतो. भाताचं कुसळ किंवा उसाचं पातं डोळ्याला लागतं, बुबुळ खरवडतं, आठवड्याभरात त्यावर पांढरट डाग दिसू लागतो. २०२१ मधल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी दहा लाखांवर लोकांना हा संसर्ग होतो आणि ८४ हजार ते १ लाख १६ हजार डोळे काढून टाकावे लागतात. कापणीच्या दिवसांत दर तासाला हात धुऊन, बाटली हलवून थेंब घालायचा कुणी? बाटली हलवावीच लागते, कारण नॅटामायसिन पाण्यात नीट विरघळत नाही.

आता एका थेंबाचा हिशेब. थेंब साधारण ५० मायक्रोलिटरचा. डोळ्यात मावतात फार तर ३०. उरलेला गालावर ओघळतो. आत राहिलेलं औषध अश्रू आणि पापण्यांची उघडझाप काही मिनिटांत धुऊन नेतात. शेवटी पाच टक्क्यांहूनही कमी औषध डोळ्यात मुरतं. म्हणजे पाच टक्के नॅटामायसिनच्या एका थेंबात अडीच मिलिग्रॅम औषध असेल, तर कामी येतं ते ०.१२५ मिलिग्रॅमपेक्षाही कमी.

थेंब डोळ्यात जास्त वेळ टिकवायला पॉलिमर, म्हणजे लांब साखळ्यांचे रेणू, इथे उपयोगी पडतात. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानवर धनभार असतो, डोळ्यावरच्या श्लेष्माच्या थरावर ऋणभार. त्यामुळे ते चिकटून राहतं. जेलन गम अश्रूंतल्या क्षारांशी गाठ पडताच घट्ट होतो, पोलोक्झामर डोळ्याच्या उबेने. काचबिंदूवरच्या टिमोलॉलमध्ये जेलन घातल्यावर दिवसाचे दोन थेंब एकावर आले, हे वापरात सिद्ध झालेलं आहे. बुरशीवरचं बरंचसं काम मात्र अजून प्रयोगशाळेत आणि सशांच्या डोळ्यांवर चाललं आहे. शिवाय नुसतं टिकून भागत नाही, औषध बुबुळाच्या आत खोल उतरावं लागतं. आणि जेलमुळे काही वेळ धूसर दिसतं.

तरी मला टिकणाऱ्या थेंबाची सर्वांत मोठी कमाई रात्रीची वाटते. वेळापत्रकात 'जागेपणी' हा शब्द आहे. रुग्ण आठ तास झोपतो. तेवढा वेळ एकही थेंब पडत नाही आणि बुरशी वाढत राहते.