एका छपराची साक्ष

व्यापारी घरांतून हिशेबाची एक जुनी शिस्त आजही टिकून आहे. दुकानाचा रोजमेळ जुळल्याशिवाय गल्ल्याला कुलूप लागत नाही. चार रुपयांचा फरक आला, तरी सारी पाने पुन्हा तपासली जातात. परंतु हाच मनुष्य घरी आल्यावर वीज, दूरध्वनी आणि दूरचित्रवाणी यांची बिले केवळ शेवटचा आकडा पाहून भरून टाकतो. मधल्या ओळी वाचण्याचे कष्ट तो क्वचितच घेतो. अशाच एका मधल्या ओळीची हकीकत येथे सांगावयाची आहे. ती ओळ अमेरिकेतील उपग्रह दूरचित्रवाणीच्या बिलात छापली जात असे. आपल्यापैकी अनेकांची मुले, भाचे, पुतणे ज्या देशात नोकरी-व्यवसायानिमित्त स्थायिक झाले, तेथील ही गोष्ट आहे. तिच्यामागील तत्त्व मात्र आज आपल्या दिवाणखान्यापर्यंत येऊन पोहोचले आहे.

न जोडलेल्या तारेचे शुल्क

अमेरिकेत घराच्या छपरावरील लहान डिशद्वारे वाहिन्या पुरविणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या. डायरेक्टीव्हीची सेवा १९९४ मध्ये सुरू झाली आणि डिश नेटवर्कची १९९६ मध्ये. भारतीय भाषांतील वाहिन्या तेथे उपग्रहावरून मिळू लागल्यावर अनेक भारतीय घरांवर ही डिश दिसू लागली. दिवसभराच्या कामानंतर आपल्या भाषेतील बातमी, मालिका किंवा क्रिकेटचा सामना पाहावयास मिळणे, हे परदेशात राहणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी मोठेच सुख होते.

पुढे डिश नेटवर्कने दोन ट्यूनर असलेले सेट टॉप बॉक्स दिले. अशा एका बॉक्सवर घरातील दोन टीव्ही संचांवर दोन वेगवेगळे कार्यक्रम चालत. सोय उत्तम होती, पण कंपनीची एक अट होती. हा बॉक्स घराच्या दूरध्वनी वाहिनीला सतत जोडलेला असला पाहिजे. तो जोडलेला आढळला नाही, तर त्या बॉक्समागे दरमहा सुमारे ५ डॉलर अधिक आकारले जात. जोडलेला असेल, तर हे शुल्क माफ होई. म्हणजे केवळ एक तार भिंतीतील खाचेत न बसविल्याबद्दल वर्षाला ६० डॉलर. घरात असे दोन बॉक्स असतील तर १२० डॉलर, आणि पाच वर्षे लक्ष गेलेच नाही तर ६०० डॉलर. थेंबे थेंबे तळे साचते, तसेच ते थेंबे थेंबे आटतेही.

आकाश बोलते, घर ऐकते

कंपनीला ही तार एवढी महत्त्वाची का वाटावी? याचे उत्तर उपग्रह प्रक्षेपणाच्या रचनेत आहे. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर उपग्रह स्थिर असल्यासारखा भासतो. तेथून येणारे संकेत लाखो घरांवर एकाच वेळी, एकाच प्रकारे बरसतात. वाहिन्या कुलूपबंद स्वरूपात येतात आणि बॉक्समधील कार्ड ते कुलूप उघडते. कोणत्या कार्डाने कोणती वाहिनी उघडावयाची, याची आज्ञाही आकाशातूनच येते. घरावरील डिश मात्र फक्त ऐकते. तिला उलट बोलता येत नाही. त्यामुळे आपण विकलेला बॉक्स आज कोणत्या घरात, कोणत्या गावात चालू आहे, हे कंपनीला वरून कळण्यास मार्ग नाही.

आता व्यवहाराची बाजू पाहू. एका घरात दुसरा, तिसरा संच असेल, तर त्यासाठी पूर्ण वर्गणी न घेता अल्प शुल्क घेण्याची पद्धत होती. घाऊक खरेदीदाराला आपण जशी सूट देतो, तशीच ही सूट. परंतु काही ग्राहक एका नावावर दोन-तीन बॉक्स घेत आणि त्यांतील एक भावाच्या, एक मित्राच्या घरी ठेवत. दोन कुटुंबांनी पाहावयाचे आणि पैसे मात्र जवळजवळ एकाच वर्गणीचे भरावयाचे. कंपनीने सूट दिली होती ती एका घराला. घेतली जात होती ती दोन घरांकडून.

येथे तार साक्षीदार म्हणून उभी राहिली. बॉक्समधील लहान मोडेम ठरावीक काळाने कंपनीच्या निःशुल्क क्रमांकावर फोन लावी. हा फोन कोणत्या क्रमांकावरून आला, हे कंपनीस समजे. एका खात्यावरील सर्व बॉक्स एकाच क्रमांकावरून बोलत असतील, तर ते एकाच छपराखाली आहेत, हा निष्कर्ष सरळ होता. डायरेक्टीव्हीच्या करारातही सर्व बॉक्स एकाच दूरध्वनी वाहिनीला जोडण्याची अट होती, आणि दोन निवासस्थानांसाठी दोन स्वतंत्र खाती उघडणे बंधनकारक होते. ब्रिटनमध्ये स्काय कंपनीचा प्रघातही असाच होता. दुसऱ्या खोलीतील बॉक्स त्याच फोनला जोडलेला असेल, तरच सवलतीचा दर मिळे.

तार जोडताना येणाऱ्या अडचणी

कागदावर सोपी वाटणारी ही गोष्ट प्रत्यक्षात अनेकांना जड गेली. टीव्हीजवळ दूरध्वनीची खाच असतेच असे नाही. मग घरभर लांब तार ओढावी लागे, किंवा विजेच्या तारांमधूनच फोनचा संकेत नेणारे जोडयंत्र विकत घ्यावे लागे. ज्या घरी फोनच्याच तारेवरून इंटरनेट येई, तेथे बॉक्सच्या मागे छोटा फिल्टर बसविणे आवश्यक होते. तो नसेल तर मोडेमचा फोन लागत नसे. कॉल वेटिंगची सोय चालू असेल, तर मधेच येणाऱ्या सूचनेने मोडेमचे बोलणे तुटे. इंटरनेटवरून चालणाऱ्या स्वस्त फोनवर तर हे मोडेम बहुधा अडखळतच, कारण आवाज दाबून, आकसून पाठविणाऱ्या त्या यंत्रणेत मोडेमचे सूक्ष्म सूर नीट पोहोचत नाहीत.

याहून मोठा प्रश्न वेगळाच होता. अमेरिकन घरांतून तारेचा फोनच नाहीसा होऊ लागला. तेथील शासकीय आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१६ च्या उत्तरार्धात निम्म्याहून अधिक घरांत केवळ मोबाइल उरला होता. पाच डॉलर वाचविण्यासाठी त्याहून कितीतरी महाग फोन घरात ठेवणे हा शहाण्याचा व्यवहार नव्हे. तेव्हा इंटरनेटचा मार्ग खुला झाला. २००६ पासून आलेल्या डिश नेटवर्कच्या नव्या बॉक्सना इंटरनेटची तार जोडण्याची जागा होती, आणि फोनऐवजी ती जोडणीही ग्राह्य धरली जाऊ लागली. घरात राउटर आधीच असेल, तर वेगळा खर्च जवळजवळ नव्हता. राउटर दूर असेल, तर घरातील विजेच्या तारांमधून इंटरनेट नेणारी जोडयंत्रेही मिळत.

तरीही एक काम ग्राहकाकडेच उरे. तार जोडली म्हणजे शुल्क गेलेच, असे गृहीत धरून चालत नसे. बॉक्सच्या पडद्यावर जोडणीची चाचणी घेण्याची सोय असे. ती घेऊन पाहावी लागे, आणि पुढच्या बिलात ती ओळ खरोखर नाहीशी झाली की नाही, हे डोळ्यांनी वाचावे लागे.

तारेतून काय जाते?

तार एकदा जोडली की तीतून केवळ पत्ताच जातो असे नाही. रिमोटचे बटण दाबून विकत घेतलेल्या चित्रपटाची नोंद बॉक्स आपल्याजवळ ठेवी आणि पुढच्या फोनच्या वेळी ती कंपनीकडे जाई. मग ती रक्कम बिलात येई. फोन जोडलेला असला, तर येणाऱ्या फोनचा क्रमांक टीव्हीच्या पडद्यावर दिसण्याची सोयही होती. इंटरनेट आल्यावर मागाल तेव्हा चित्रपट मिळू लागला. साक्षीसाठी आणलेली तार अशा रीतीने विक्रीचे दुकानही झाली. घरातील मुलांनी अजाणता बटण दाबले, तरी हिशेब पालकांच्याच नावे पडे. म्हणून खरेदीला गुप्त क्रमांकाचे कुलूप लावून ठेवणे आवश्यक होते.

दुसरी बाजू खासगीपणाची. आपण काय पाहतो, केव्हा पाहतो, हे दुसऱ्याला कळावे का? अमेरिकेत केबल ग्राहकांच्या खासगी माहितीला कायद्याचे संरक्षण पूर्वीच होते; २००४ च्या एका कायद्याने ते उपग्रह सेवेच्या ग्राहकांनाही लागू केले. कोणती माहिती घेतली जाते, हे कंपनीने ग्राहकास लेखी कळवावे, असे तो कायदा सांगतो. ती सूचनापत्रे बहुतेक घरांत न वाचताच केराच्या टोपलीत जातात. पाच डॉलरची सूट घेताना आपण त्या मोबदल्यात काय देत आहोत, हे ज्याने वाचले, त्यानेच खरा सौदा केला. इतरांनी केवळ सही केली.

एकत्र कुटुंब आणि एक छप्पर

वाचकहो, या साऱ्या प्रकरणाचा खरा गाभा आपल्यासारख्या कुटुंबांच्या फार जवळचा आहे. आपल्याकडे घर म्हणजे नाते. दोन भाऊ दोन मजल्यांवर, तिसरा शेजारच्या गल्लीत, आईवडील गावी आणि पेढी सर्वांची एक. चुली वेगळ्या झाल्या तरी खाते एकच, असे आपण अभिमानाने सांगतो. पण वर्गणी घेणारी कंपनी नाते मोजत नाही; ती छप्पर मोजते. तिच्या दृष्टीने शेजारच्या गल्लीतील सख्खा भाऊ हा दुसरा ग्राहक असतो आणि त्याच घरात राहणारा दूरचा पाहुणा हा पहिल्याच ग्राहकाचा भाग असतो.

घर आणि धंदा यांतील भेदही असाच आहे. अमेरिकेत मोटेल चालविणारी अनेक भारतीय कुटुंबे मोटेलच्या आवारातच राहतात. राहत्या खोलीतील निवासी वर्गणीचा बॉक्स दर्शनी दालनात आणून गिऱ्हाइकांपुढे लावणे सोपे असते; पण सार्वजनिक ठिकाणच्या प्रदर्शनासाठी वेगळे, व्यापारी दराचे खाते लागते. तार येथे काही सांगत नाही, कारण छप्पर खरोखर एकच आहे. येथे साक्ष द्यावयाची असते ती मालकाच्या सचोटीने.

भारतातही हा प्रश्न वेगळ्या वेशात आलेला आहे. आपल्याकडील डीटीएच सेवेत फोनच्या तारेची अट रुजली नाही. परंतु दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२० मध्ये असे ठरविले की, एकाच व्यक्तीच्या नावे घरात एकाहून अधिक टीव्ही जोडण्या असतील, तर दुसऱ्या आणि पुढील प्रत्येक जोडणीवर मूळ नेटवर्क शुल्काच्या ४० टक्क्यांहून अधिक आकारता येणार नाही. तेव्हा मूळ शुल्काची मर्यादा कर वगळून दरमहा १३० रुपये होती. पुढे २०२४ मध्ये या शुल्कावरील मर्यादा उठविण्यात आली आणि दर ठरविणे कंपन्यांवर सोपविले गेले. म्हणूनच दुसऱ्या संचाचा दर आता स्वतःहून विचारून घेणे अगत्याचे झाले आहे.

आणि ज्यांनी डिश उतरवून केवळ इंटरनेटवरील सेवा घेतली, त्यांनाही या प्रश्नातून सुटका नाही. नेटफ्लिक्सने मे २०२३ मध्ये अमेरिकेत आणि त्याच वर्षी जुलैमध्ये भारतात सांगून टाकले की, एक खाते हे एका घरापुरतेच आहे. अमेरिकेत घराबाहेरील व्यक्तीसाठी दरमहा ७.९९ डॉलर अधिक मागितले गेले. कोणते उपकरण कोणत्या घरातले, हे इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून आणि वापराच्या खुणांवरून ओळखले जाते. फोनच्या तारेने जी साक्ष दिली, तीच आता राउटर देत आहे.

हिशेबी माणसाचे कर्तव्य

यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की, ज्या सवलतीवर आपला रास्त हक्क आहे, ती आळसाने सोडू नये. दूरचित्रवाणी, इंटरनेट आणि फोन यांची मागील तीन महिन्यांची बिले एकदा शेजारी शेजारी मांडावीत. प्रत्येक ओळीपुढे, हे कशाचे, असे विचारावे. जे उत्तर मिळणार नाही, ते ग्राहक सेवेला विचारावे. कोणते शुल्क कोणत्या अटीवर माफ होते, हे विचारल्याशिवाय बहुधा कोणी सांगत नाही. परदेशी असलेल्या मुलांनाही ही सवय लावावी; तेथे सारे पैसे खात्यातून आपोआप वळते होतात आणि ओळी वाचल्याच जात नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. जेथे छपरे खरोखर दोन आहेत, तेथे दोघांचे पैसे भरावेत. तार लांबवून किंवा पत्ता एकच सांगून मिळविलेले पाच डॉलर वहीत कोणत्या सदराखाली लिहावयाचे, याचे उत्तर कोणत्याही प्रामाणिक मुनीमाजवळ नाही. आपल्या दुकानात एका गिऱ्हाइकाच्या नावावर दुसऱ्याने सूट उचलली, तर आपण त्याला काय म्हणतो? तोच शब्द येथेही लागू पडतो, मग समोरची कंपनी कितीही मोठी असो. माप देताना जो काटा वापरावयाचा, तोच घेतानाही वापरावा, एवढीच या व्यवहाराची मागणी आहे.

संध्याकाळी घरी गेल्यावर टीव्हीच्या मागे एकदा डोकावून पाहावे. तेथे मोकळी राहिलेली जागा असेल, तर ती तशी का राहिली, हे विचारावे. आणि जोडलेली तार असेल, तर ती आपल्याविषयी जे सांगते, ते खरे आहे ना, हेही तपासावे.