दाखल्यावरचे वय आणि अंगातले वय

पावसाळा ओसरू लागला की माझ्या डहाणूच्या दवाखान्यात दाखले मागणाऱ्यांची गर्दी सुरू होते. शाळांच्या तालुका आणि जिल्हा स्पर्धा, आश्रमशाळांच्या स्पर्धा, शिवाय एखाद्या निवासी क्रीडा प्रबोधिनीची किंवा अकादमीची निवड चाचणी. 'सदर विद्यार्थी खेळण्यास सक्षम आहे' एवढी एक ओळ आणि खाली शिक्का हवा असतो. खरे सांगायचे तर पुष्कळ वर्षे मीही छातीला नळी लावून दोन मिनिटांत ती ओळ लिहून देत असे. आता देत नाही. का देत नाही, ते आज सांगतो.

गेल्या वर्षी तलासरीकडचे एक क्रीडाशिक्षक तीन मुलांना घेऊन आले. दोन मुलगे, एक मुलगी. तिघांनाही अकादमीच्या चाचणीला न्यायचे होते. मुलग्यांचे कागद पाहिले तर दोघांची जन्मतारीख एकच, १ जून, आणि सालही तेच. वय दोघांचे १३ पूर्ण. प्रत्यक्षात एक माझ्या खांद्याच्या वर, ओठावर मिसरूड, आवाज फुटलेला. दुसरा त्याच्या काखेखालून जाईल एवढा. सर हसून म्हणाले, ''डॉक्टर, हा मोठा म्हणजे आमचा हुकमी एक्का. धाकटा नुसता हौसेनं आलाय.'' धाकटा हे ऐकत उभा होता.

१ जून ही तारीख आपल्या भागातल्या वाचकांना समजावून सांगायला नको. जन्माची नोंद नसली की शाळेत नाव घालताना गुरुजी हीच तारीख टाकत. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे आणि आता बहुतेक बाळंतपणे दवाखान्यात होतात, तरी पाड्यावर किंवा वीटभट्टीवर जन्मलेल्या मुलांच्या कागदावर ही तारीख अजून भेटते. आईला विचारावे तर ती जास्त खरे सांगते. धाकट्याची आई म्हणाली की लावणी आटोपली होती, तेव्हा हा झाला. मोठ्याचा जन्म होळीच्या आसपासचा. एवढ्यावर साल ठरत नाही, पण दोघे एका दिवसाचे नाहीत हे नक्की झाले.

समजा, दोघे खरोखरच एका दिवशी जन्मले असते, तरी त्यांची शरीरे एका वयाची नसती. मुलींची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारण १२ व्या वर्षाच्या सुमारास, मुलग्यांची १४ व्या. हा झाला मधला आकडा. कोणाचे हे वर्ष दोन वर्षे आधी येते, कोणाचे दोन वर्षे उशिरा, आणि दोन्ही अगदी निरोगी असतात. त्या एका वर्षात मुलगा ९-१० सेंटिमीटरही वाढतो. मग खांदे भरतात, स्नायू येतात. म्हणून १३ वर्षांच्या दोन मुलग्यांच्या 'अंगातल्या वयात' तीन-चार वर्षांचा फरक असू शकतो. निवड चाचणीत काय मोजतात? उंची, वजन, ३० मीटर धाव, उभ्याने लांब उडी, मेडिसिन बॉल फेकणे, ८०० मीटर धाव. जो आधी वयात आला तो यांतल्या बहुतेक ठिकाणी पुढेच असणार. त्यात गुण किती आणि नुसती लवकर आलेली वाढ किती, हे फीत आणि घड्याळ सांगत नाही.

हा घोळ आपल्याकडचाच नाही. माझा पुतण्या मेलबर्नला असतो. तिकडे त्यांचा स्वतःचा एक फुटबॉल आहे, अंडाकृती चेंडूचा, एका बाजूला १८ खेळाडू. काही क्लब लहान वयातच मुले हेरून आपल्या अकादमीत वाढवतात. तिथल्या मूळ रहिवाशांच्या आणि परदेशातून येऊन वसलेल्यांच्या मुलांसाठीही काही क्लबांनी २०१६ पासून वेगळ्या अकादम्या चालवल्या आहेत. दरवर्षी साधारण १८ वर्षांच्या मुलांतून व्यावसायिक संघांसाठी खेळाडू निवडले जातात. त्यांच्या जन्मतारखा कोणीतरी मांडून पाहिल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या जास्त निघाली. वयाची गणना जानेवारीपासून, म्हणून जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलाहून जवळजवळ वर्षाने थोरला असतो, आणि लहानपणी तेवढे पुरते. गंमत पुढेच आहे. पहिल्या खेपेला डावलले जाऊन वयाने मोठे झाल्यावर जे निवडले गेले, त्यांच्यात वर्षाच्या शेवटी जन्मलेले जास्त होते. म्हणजे मागे राहिलेल्यांपैकी जे टिकून राहिले, ते पुढे कामाला आले. पण टिकून राहायला कोणीतरी खेळू द्यावे लागते.

सरांना मी एवढेच म्हटले की धाकट्याला संघात ठेवा, त्याची उंची दर तीन महिन्यांनी भिंतीवर खूण करून मोजा, आणि एक्का आणखी दोन वर्षांनी ठरवा. सरांना ते फारसे पटले नाही. त्यांचीही अडचण असते म्हणा. बक्षीस यंदाच हवे असते.

मग मोठ्याला तपासले. त्याच्या उजव्या गुडघ्याखाली, नडगीच्या वरच्या टोकाला, सुपारीएवढे टणक उंचवटे. दाबले की तो कळवळला. चार महिने दुखत होते. एका ठिकाणी त्याला दुखणे थांबण्याची दोन इंजेक्शने देऊन पुन्हा कबड्डीला उतरवले होते. हा आजार वाढत्या मुलांत नेहमी दिसतो. हाड भराभर लांबते, मांडीचा स्नायू मागे पडतो, आणि तो जिथे नडगीच्या कोवळ्या, अजून न जुळलेल्या टोकाला चिकटलेला असतो तिथे ओढ बसते. टाचेला हेच होते तेव्हा मूल चवड्यावर चालू लागते. उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे: काही आठवडे उड्या आणि जोराची धाव कमी करायची, खेळानंतर बर्फाने शेकायचे, मांडीचे आणि पोटरीचे स्नायू रोज हळूहळू ताणायचे. वाढ पुरी झाली की बहुतेकांचे दुखणे आपोआप जाते. दुखणे दाबून खेळवले तर मात्र महिनोन्‌महिने जातात.

इथे एक इशारा देऊन ठेवतो. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, ताप, वाढत जाणारी सूज किंवा लंगडणे असेल तर त्याला 'वाढीचे दुखणे' म्हणून सोडू नका, एक्स-रे काढा. हाडाचा क्षय आपल्याकडून गेलेला नाही. आणि १२-१४ वर्षांचे मूल गुडघा दुखतो म्हणून लंगडत असेल तर त्याचा खुबाही तपासून घ्या. खुब्याचे हाड सरकले तरी मूल बोट गुडघ्याकडेच दाखवते.

मुलीचे प्रकरण जास्त गंभीर होते. वय १४, लांब पल्ल्याची धावपटू. आधीच्या वर्षी जिल्ह्यात दुसरी आलेली. यंदा निम्म्या अंतरातच तिला धाप लागत होती. सरांना वाटले, पोरगी आळशी झाली. मी खालची पापणी ओढून पाहिली, कागदासारखी पांढरी. हिमोग्लोबिन निघाले ८.६. या वयात ते १२ च्या वर हवे. रक्तातला हा लाल पदार्थच प्राणवायू स्नायूंपर्यंत पोचवतो. तो एवढा कमी असताना ती जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरत होती, हेच विशेष. आळस कसला!

आपल्या भागात रक्त कमी निघाले की दोन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली म्हणजे लोह. पाळी सुरू झालेली, अंग वाढते आहे, घाम गळतो आहे, जेवण मुख्यतः भात आणि पातळ डाळ, त्यात अनवाणी चालल्याने होणारे अंकुशकृमी. दुसरी गोष्ट सिकलसेल. हा रक्तातला आनुवंशिक दोष आदिवासी समाजात बराच आढळतो. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाली असून चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. आधी साधी सोल्युबिलिटी चाचणी करतात. ती दोष दाखवील तर एचपीएलसी नावाची पक्की चाचणी होते. ती कळीची, कारण दोष एका पालकाकडून आला तर मूल नुसते 'वाहक' असते आणि दोघांकडून आला तर 'रुग्ण'. या दोन शब्दांची गल्लत केल्याने कितीतरी मुलांचे खेळ विनाकारण बंद झालेले मी पाहिले आहेत.

मुलगी वाहक निघाली. आई रडू लागली. तिला समजावले की वाहकपणामुळे रक्त कमी होत नाही. हिचे कमी झाले ते लोह नसल्यामुळे, आणि ते भरून येते. वाहक मूल खेळू शकते, धावू शकते. मात्र सरावाच्या पद्धतीत काळजी हवी. २००६ मध्ये अमेरिकेतील राइस विद्यापीठाचा १९ वर्षांचा फुटबॉल खेळाडू शंभर यार्डांच्या १६ धावा सलग काढल्यानंतर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तो वाहक होता, आणि हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्यानंतर २०१० पासून तिथल्या वरच्या श्रेणीच्या महाविद्यालयीन खेळाडूंची ही तपासणी सुरू झाली. वाहक मुलांना सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीने पळवू नये, धावांच्या मधे दम खाऊ द्यावा, पाणी मोकळेपणी द्यावे. आपल्या किनाऱ्यावरचा ऑक्टोबरचा दमट उकाडा तर यासाठी फारच वाईट. पायातले त्राण गेले असे मूल म्हणाले की तिथेच थांबवावे. 'नाटक करतो' म्हणून आणखी एक फेरी मारायला लावणे जिवावर बेतू शकते. जे मूल रुग्ण आहे त्याचा खेळ मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवायचा, आणि त्याला रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्याही परस्पर चालू करायच्या नाहीत.

तिला रोज लोहाची गोळी आणि जंताचे औषध दिले. गोळी कोऱ्या चहाबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही; लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यावी, आवळा मिळाला तर उत्तम. शौच काळी होते, त्याला घाबरायचे नाही. शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी गोळी मुले खिडकीतून फेकतात, हे मला सरांनीच सांगितले. ती समोर उभे राहून गिळायला लावा.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर एक चिडचिड बोलून घेतो. दुकानांत प्रोटीनचे डबे दिसू लागले आहेत आणि मजुरी करणारे बाप मुलगा खेळाडू आहे म्हणून ते उधारीवर घेतात. नका घेऊ. नागलीत १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून जास्त चुना, म्हणजे कॅल्शियम असते. तांदळात ते फारच थोडे असते. सुका जवळा, बोंबील, अंडे, उडदाची डाळ, भिजवलेले चणे, शेंगदाणे हे सगळे आपल्या बाजारात आहे. घरची नागलीची भाकरी सोडून वसतिगृहात नुसता भात खाऊ लागलेल्या मुलाला डब्यापेक्षा भाकरी हवी असते.

सराव किती द्यावा, हे पालक नेहमी विचारतात. ढोबळ हिशेब असा की मुलाचे वय जितके, त्याहून जास्त तास आठवड्याला एका खेळाचा नेमून दिलेला सराव नको. १३ वर्षांच्या मुलाला १३ तास. सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन, असे सहा दिवस धरले तर २४ होतात. आठवड्यात एक पूर्ण दिवस सुट्टी हवी आणि रात्री ८ ते १० तास झोप. पहाटे साडेचारला शिट्टी वाजवायची असेल तर रात्री साडेआठला दिवे बंद करावे लागतील. मुलीची सुरू असलेली पाळी तीन महिने आली नाही, किंवा १५ पूर्ण होऊनही पाळी सुरूच झाली नाही, तर ती 'खेळामुळे असेल' म्हणून सोडून देऊ नका. कष्टाच्या मानाने खाणे कमी पडते आहे, याची ती बहुधा खूण असते आणि त्याची किंमत हाडे मोजतात.

पालकांना मी नेहमी कविता राऊतचे वर्ष सांगतो. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची ही आदिवासी मुलगी नाशिकला विजेंद्र सिंग यांच्याकडे शिकली. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १० हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवले. तेव्हा ती २५ वर्षांची होती. रिओच्या ऑलिंपिकमध्ये २०१६ साली मॅरेथॉन धावली तेव्हा ३१ ची. तेराव्या वर्षी कोण पहिले आले होते, कोणाला आठवते?

तिघांचे पुढे काय झाले, ते सांगतो. मोठा अकादमीत निवडला गेला. गुडघ्याची चिठ्ठी मी त्याच्यासोबत दिली आहे, वाचतील अशी आशा. मुलीचे हिमोग्लोबिन तीन महिन्यांत ११.४ झाले आणि वेळही सुधारली. गोळ्या अजून चालू आहेत. धाकटा निवडला गेला नाही. त्याच्या उंचीची खूण माझ्या तपासणीच्या खोलीच्या चौकटीवर पेन्सिलीने केलेली आहे. मागच्या महिन्यात तो आला तेव्हा नवी रेघ जुनीच्या बरीच वर गेली होती, तीन महिन्यांत अडीच सेंटिमीटर. टाच थोडी दुखते म्हणाला. मी लगेच सरांना फोन लावला आणि सांगितले की याची वाढ आता सुरू झाली, निदान सहा महिने याला उड्या कमी द्या.