मनाचा सराव आणि दारातले फटाके

खेळात शरीर थकण्याआधी मन हरते, हे आता आपल्या क्रीडा संघटनांनाही पटले आहे. २०११ चा क्रिकेट विश्वचषक भारताने जिंकला तेव्हा दक्षिण आफ्रिकेचे पॅडी अप्टन हे मानसिक प्रशिक्षक संघासोबत होते. २०२४ साली पॅरिसमध्ये पुरुष हॉकी संघाने कांस्यपदक पटकावले, तेव्हाही तेच सोबत होते. त्यांचे कौतुक झाले आणि ते योग्यच आहे.

या कामात कसलीही जादू नाही. निर्णायक चढाईला निघालेल्या कबड्डीपटूच्या हातात तीस सेकंद असतात. तेवढ्यात 'आपण बाद झालो तर?' हा विचार शिरला की पाय जड होतात, बोनस रेषा समोर दिसूनही पाऊल पडत नाही. मानसिक प्रशिक्षक त्याला श्वास लांब सोडायला शिकवतो, मध्यरेषा ओलांडण्यापूर्वी दर वेळी तीच एक ठरलेली कृती करायला लावतो, निकाल सोडून पुढच्या एका पावलावर लक्ष ठेवायला सांगतो. सरावात हे शेकडो वेळा घोटले की सामन्यात सहज घडते. म्हणजे कणखर मन कमावता येते, ते रक्तातून येत नाही. 'अमुक जात लढवय्यी, अमुक जात कच्च्या मनाची' ही जी बडबड आजही मैदानाच्या कडेला ऐकू येते, तिचे पितळ यातूनच उघडे पडते.

पण मनावरचे ओझे कोण टाकतो, याचाही विचार व्हायला हवा की नको?

वंदना कटारियाचे उदाहरण घ्या. मे २०२१ मध्ये तिचे वडील वारले. ऑलिंपिकच्या सराव शिबिरात असल्याने तिला अंत्यसंस्कारालाही जाता आले नाही. ३१ जुलैला टोकियोत तिने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू ठरली. ४ ऑगस्टला उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाने भारताला २-१ ने हरवले. सामना संपताच हरिद्वारजवळच्या रोशनाबाद गावात तिच्या घरासमोर फटाके फुटले! संघात दलित खेळाडू जास्त झाल्या म्हणून हरलो, असे ते लोक ओरडत होते, अशी तक्रार कुटुंबाने पोलिसांत दिली. काहींना अटकही झाली. दोनच दिवसांनी कांस्यपदकाचा सामना होता. ब्रिटनविरुद्धचा तो सामना भारताने ३-४ ने गमावला, पण त्या तिनांतला एक गोल वंदनाचा होता.

त्या दोन दिवसांत तिला कोणी 'श्वासावर लक्ष दे' असे सांगितले असेल, तर ते चूक नव्हते. पण ते पुरेसे होते का? पराभवाची भीती प्रत्येक खेळाडूला असते. आपल्या पराभवाने आईच्या दारात फटाके वाजतील, ही भीती सगळ्यांना नसते.

हा केवळ भावनेचा मुद्दा नाही. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतील शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. कागदावरची कोडी सोडवायची, सुटेल त्या कोड्यामागे पैसे मिळवायचे. जात पुकारली नाही तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. सर्वांदेखत प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव आणि जात वाचून दाखवली, तेव्हा दलित मुलांची कोडी कमी सुटली. मुले तीच, बुद्धी तीच. बदलला तो फक्त पुकारा.

यावर आपल्यातलेच काही म्हणतील, बाळू पालवणकरांना कुठला मानसिक प्रशिक्षक होता? पुण्यात पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई, तरी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतलेच ना! घेतले. पण तो चहा पिऊन दुसऱ्या दिवशी मैदानावर परत न आलेल्या मुलांची नावे कोणत्या पुस्तकात सापडतात? एका बाळूच्या पराक्रमावरून अपमान पचवता येतो असा निष्कर्ष काढणे, हे अपमान करणाऱ्यांच्या सोयीचे आहे.

मोठ्या संघांना परदेशी तज्ज्ञ मिळतात. पोलीस भरतीसाठी डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या, तालुक्याच्या मैदानावर फाटक्या बुटांनी खेळणाऱ्या आमच्या मुलामुलींपर्यंत यातले काय पोहोचणार? क्रीडा प्रबोधिन्यांत आणि जिल्हा क्रीडा संकुलांत असे प्रशिक्षक नेमावेत आणि त्यांना जातीच्या ताणाचे शिक्षण द्यावे, ही मागणी शासनाकडे रेटलीच पाहिजे. पण तोवर एक गोष्ट कोणत्याही क्रीडाशिक्षकाला उद्यापासून करता येईल. निवड चाचणीत मुलांच्या छातीवर फक्त क्रमांक लावावा. आडनाव आणि वस्ती निवड झाल्यावर विचारावी. याला शासनाचा एक रुपयाही लागत नाही.