मंगळसूत्रवाल्या 'बुल्गारी'नं नाण्याएवढं पातळ घड्याळ कसं बनवलं?

'बुल्गारी' हे नाव आपल्याकडे अनेकांना कळलं ते 2021 मध्ये, प्रियंका चोप्रानं जाहिरात केलेल्या मंगळसूत्रामुळे. पण ही कंपनी घड्याळंही बनवते.

मूळचे ग्रीसचे चांदीकारागीर सोतिरिओ बुल्गारी यांनी 1884 मध्ये रोममध्ये व्यवसाय सुरू केला. 1940 च्या दशकात मनगटाला वेढणारं सापासारखं 'सर्पेंती' घड्याळ आलं. दागिना बुल्गारीचा, आतली यंत्रणा मात्र स्विस कंपन्यांची.

2000 मध्ये 'डॅनियल रॉथ' आणि 'जेराल्ड जेंटा' हे घड्याळांचे ब्रँड विकत घेतल्यावर यंत्रणेचं कसबही हाती आलं. 2022 मध्ये आलेलं 'ऑक्टो फिनिसिमो अल्ट्रा' फक्त 1.80 मिलिमीटर जाड, म्हणजे साधारण 10 रुपयांच्या नाण्याएवढं. हे जमलं कसं? घड्याळाच्या मागच्या झाकणालाच यंत्रणेचा पाया केला आणि भाग एकावर एक न रचता शेजारी-शेजारी बसवले.

काही महिन्यांतच 'रिचर्ड मिल'नं 1.75 मिलिमीटरचं घड्याळ आणून हा विक्रम मोडला. बुल्गारीनं 2024 मध्ये 1.70 मिलिमीटरनं उत्तर दिलं.