पिल्लाचे नाव, वयाचे माप



गाईचे वासरू, म्हशीचे रेडकू, शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू, घोड्याचे शिंगरू. ही यादी तुम्ही प्राथमिक शाळेतच पाठ केली आहे. आता सांगा पाहू, लांडग्याच्या पिल्लाला काय म्हणतात? अस्वलाच्या? तरसाच्या? तिथे आपण नुसते 'पिल्लू' म्हणून मोकळे होतो. असे का बरे व्हावे?

उत्तर शोधण्यासाठी आपण युरोपच्या नैर्ऋत्य टोकाला, स्पेन देशात जाऊ. कधी कधी परक्या भाषेकडे पाहिले म्हणजे आपल्या घरचीच गोष्ट अधिक स्पष्ट दिसते.

स्पॅनिश भाषेत गाय म्हणजे 'बाका' आणि तिचे वासरू 'तेर्नेरो'. घोडी 'येगुआ', तर शिंगरू 'पोत्रो'. मेंढी 'ओबेखा', तर कोकरू 'कोर्देरो'. आई आणि पिल्लू यांच्या नावांत काहीच नाते दिसत नाही. आता रानात चला. लांडगा 'लोबो', त्याचे पिल्लू 'लोबेथ्नो'. अस्वल 'ओसो', त्याचे पिल्लू 'ओसेथ्नो'. देवमासा 'बायेना', त्याचे पिल्लू 'बायेनातो'. येथे वेगळा शब्द नाहीच. मूळ नावाला एक शेपूट जोडले आणि काम भागवले!

कारण उघड आहे. ज्या प्राण्याशी माणसाचा रोजचा व्यवहार, त्याच्या पिल्लाला स्वतंत्र नाव. स्पेन हा जुन्या काळापासून मेंढपाळांचा देश. १२७३ साली राजा दहावा अल्फोन्सो याने मेंढपाळांच्या 'मेस्ता' या संघाला सनद दिली. हा संघ १८३६ पर्यंत टिकला. उन्हाळी कुरणांतून हिवाळी कुरणांत आणि पुन्हा परत, असे मेंढ्यांचे कळप दरवर्षी शेकडो किलोमीटर चालत. अशा माणसांना 'मेंढीचे पिल्लू' एवढ्या शब्दाने कसे भागणार? ते दूध पिते की चरू लागले, यंदाचे की गेल्या सालचे, हे एका शब्दात सांगता आले पाहिजे.

म्हणून स्पॅनिशमध्ये वयाचीही नावे आहेत. 'आन्यो' म्हणजे वर्ष. त्यावरून वर्षाच्या वासराला 'आन्योखो' म्हणतात. एक वर्ष पुरे झालेला पण दोन न झालेला गोऱ्हा 'एराल', दोन ते तीन वर्षांचा 'उत्रेरो', आणि चार वर्षांचा 'क्वात्रेन्यो', कारण 'क्वात्रो' म्हणजे चार.

तुम्ही म्हणाल, ही परदेशी लोकांची रीत झाली. पण आपलाच 'वासरू' हा शब्द तपासा. तो संस्कृत 'वत्स' या शब्दावरून आला. आणि 'वत्सर' म्हणजे वर्ष, हे तुम्हाला 'संवत्सर' या शब्दावरून ठाऊक असेलच. वत्स म्हणजे मुळात वर्षाचे पिल्लू! भाषाशास्त्रज्ञ सांगतात की याच प्राचीन मूळ शब्दापासून लॅटिनमार्गे स्पॅनिशमधील 'बिएखो' हा शब्द निघाला. त्याचा अर्थ मात्र 'म्हातारा'. एका भावाने एकच वर्ष मोजले, दुसऱ्याने पुष्कळ मोजली!

मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक. माप म्हटले की मोजण्याचे साधन कोणते, हे विचारण्याची मला सवय. जनावराला जन्मदाखला नसतो. मग वय मोजायचे कशाने? दातांनी. गुराला समोरचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, एकूण आठ. दुधाचे दात पडून कायमचे येतात ते मधल्या जोडीपासून, क्रमाक्रमाने. पहिली जोडी दोन-अडीच वर्षांच्या सुमारास, आणि आठही दात साधारण चार-पाच वर्षांपर्यंत. आपल्या बैलबाजारात 'आदत', 'दुसा', 'चौसा', 'जुळलेला' हे शब्द ऐकू येतात ते याच घड्याळातले आकडे आहेत. आदत म्हणजे अजून दुधाचेच दात, दुसा म्हणजे कायमचे दोन, चौसा म्हणजे चार.

म्हणजे पिल्लाचे नाव हे नुसते लाडाचे नाव नव्हे. ते एक माप आहे. आणि ज्याचे माप घेण्याची गरज नाही, त्याला नावही नाही.

पण गरज बदलते. स्पेन व पोर्तुगाल या दोन देशांत 'लिन्थे' नावाचे एक रानमांजर आहे. कानांवर काळ्या केसांचे झुपके, आखूड शेपूट, अंगावर ठिपके. सशाच्या पिल्लाला स्पॅनिशमध्ये 'गाथापो' असे खास नाव आहे, कारण माणूस सशाची शिकार पूर्वीपासून करीत आला. लिन्थेच्या पिल्लाला मात्र कुत्र्याच्या पिल्लाचेच 'काचोर्रो' हे नाव उसने मिळाले. लिन्थे जगतो तो सशांवर. रोगांच्या साथींनी ससे मेले, रान तुटले, शिकारही झाली, आणि २००१ साली प्रौढ लिन्थे उरले केवळ ६२.

मग शास्त्रज्ञांनी बंदिस्त जागेत त्यांची पैदास सुरू केली. दोन्याना येथील केंद्रात २००५ साली पहिली पिल्ले जन्मली. पुढे अशी जनावरे रानात सोडली गेली. २०२३ च्या मोजणीत एकूण २,०२१ लिन्थे आढळले. आनंदाने टाळ्या वाजवाल, पण थांबा! त्यांतील ७२२ काचोर्रो होते, म्हणजे शंभरांतले सुमारे ३६. रानातल्या पिल्लांपैकी सगळीच काही मोठी होत नाहीत. उद्या वंश चालवील तो प्रौढ प्राणी. म्हणून एखादी जात किती धोक्यात आहे हे ठरविताना प्रौढांचीच संख्या धरतात. २०२२ साली ती ६४८ होती. ६२ वरून ६४८! त्या आधारावर जून २०२४ मध्ये लिन्थेचा धोक्याचा दर्जा एक पायरी खाली आणला गेला. धोका टळला मात्र नाही.

पाहा, मेंढपाळाने जे कोकराच्या बाबतीत केले, तेच आज शास्त्रज्ञ रानमांजराच्या बाबतीत करीत आहेत. पिल्लू कोणते आणि प्रौढ कोणते, हे वेगळे ओळखल्याशिवाय कळप राखता येत नाही.

या सुट्टीत गावी गेलात तर एक काम करा. वहीत तीन रकाने आखा: प्राणी, पिल्लाचे नाव, ते नाव किती वयापर्यंत चालते. मग आजोबांना, गुराख्याला, धनगराला विचारा. कालवड केव्हा म्हणायचे, पाडी केव्हा, गोऱ्हा केव्हा? तुमच्या पुस्तकात नसलेले शब्द त्या वहीत जमतील.