छप्पर गळतंय, व्हिस्ट चालू आहे

जे. जी. फॅरेल यांच्या ‘ट्रबल्स’ (१९७०) या कादंबरीत आयर्लंडचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलंय, पण बंडखोर जवळपास दिसतच नाहीत. त्यावर आक्षेप येतो: आयरिश माणसाला बाहेर ठेवून आयर्लंडचा इतिहास कसला? मला वाटतं, हा आंधळेपणाच कादंबरीचा विषय आहे. ‘मॅजेस्टिक’ या एकेकाळच्या आलिशान हॉटेलात म्हाताऱ्या बायकांचे व्हिस्टचे डाव रंगतात. वरच्या मजल्यांवर मांजरांचं राज्य, पाम कोर्टात रान माजलेलं. दर्शनी भिंतीवरचं अवाढव्य ‘एम’ अक्षर चार मजले खाली कोसळतं आणि एका बहिऱ्या आजीबाईंच्या चहाच्या टेबलाचा चुराडा होतो. मधूनच वर्तमानपत्रातल्या बातम्या येतात, त्यांत अमृतसरच्या हत्याकांडाचीही. म्हणजे गळणारं छप्पर एकट्या आयर्लंडातलं नाही. प्रतीक जरा ठळकच आहे, कबूल. पण फॅरेल ते हसवत हसवत गळी उतरवतात. वाचकांच्या मतांवर २०१० मध्ये ‘ट्रबल्स’ला ‘लॉस्ट मॅन बुकर’ मिळालं. १८५७वरच्या त्यांच्या ‘द सीज ऑफ कृष्णापूर’ला मात्र १९७३ मध्येच बुकर मिळालं होतं.