कुंपणच शेत खातं तेव्हा: सरकारी कार्यालयातून आपली माहिती बाहेर जाते कशी?

दुपारची वेळ. तुम्ही रानात आहात आणि अनोळखी नंबरवरून फोन येतो. "काका, तुमचा पीएम किसानचा हप्ता अडकलाय. तुमचं खातं अमुक बँकेत आहे ना? शेवटचे आकडे हे आहेत ना? आधार लिंक करायचंय, आलेला ओटीपी सांगा."

ओटीपी सांगायचा नाही, हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण फोन ठेवल्यावर खरा प्रश्न डोक्यात येतो. याला माझं नाव, गाव, बँक आणि खात्याचे शेवटचे आकडे कुणी दिले? सातबारा ऑनलाइन कुणालाही बघता येतो, त्यामुळे गट नंबर कळला तर नवल नाही. पण बँक खातं, मोबाईल नंबर आणि कोणत्या योजनेचा अर्ज भरलाय, हे तिन्ही एकत्र असतं ते अर्ज भरलेल्या ठिकाणीच.

आपण म्हणतो, "कुणीतरी हॅक केलं असेल." हॅकर म्हटलं की लांब कुठेतरी अंधाऱ्या खोलीत बसलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. तसं होतंही. पण कितीतरी वेळा कुलूप तोडावंच लागत नाही, कारण किल्ली आतल्याच माणसाकडे असते. ती तो विकतो, उसनी देतो, नाहीतर टेबलावर विसरतो.

पाचशे रुपयांत किल्ली

जानेवारी २०१८ मधली गोष्ट. चंदीगडच्या 'द ट्रिब्यून' या इंग्रजी वर्तमानपत्राच्या पत्रकार रचना खैरा यांनी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका एजंटला ५०० रुपये पाठवले. काही मिनिटांत त्यांना एक लॉगिन आणि पासवर्ड मिळाला. त्यात कुठलाही आधार क्रमांक टाकला की त्या माणसाचं नाव, पत्ता, पिनकोड, फोटो, फोन नंबर आणि ई-मेल समोर यायचं. आणखी ३०० रुपये दिले तर कार्ड छापायचं सॉफ्टवेअरही मिळत होतं.

आधारचं काम बघणाऱ्या प्राधिकरणाने सांगितलं की बोटांचे ठसे आणि डोळ्यांची माहिती सुरक्षित आहे. हा प्रकार म्हणजे तक्रार निवारणासाठी दिलेल्या शोध सुविधेचा गैरवापर आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला, त्यात पत्रकाराचंही नाव आलं आणि त्यावर देशभर टीका झाली.

प्राधिकरणाचं म्हणणं जसंच्या तसं धरलं तरी मुद्दा तोच राहतो. दार फोडलेलं नव्हतं. लोकांची कामं करण्यासाठी दिलेली सुविधाच बाजारात विकायला आली होती.

आपल्याकडेही झालंय

त्याच वर्षी, २०१८ च्या सुरुवातीला, ठाणे पोलिसांनी मोबाईलचे कॉल रेकॉर्ड विकणारी टोळी पकडली. तुम्ही कुणाला, कधी, किती वेळ फोन केला याची ही यादी. ती कंपनीकडून मागवायचा अधिकार तपासासाठी पोलिसांना असतो, तोही वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मंजुरीने. या प्रकरणात खासगी गुप्तहेरांबरोबर एका पोलीस शिपायालाही अटक झाली. तपासासाठी दिलेला अधिकार वापरून रेकॉर्ड मिळवायचे आणि गिऱ्हाईकाला विकायचे, असा आरोप होता.

तमिळनाडूत २०२० मध्ये पीएम किसानच्या यादीत लाखो अपात्र नावं घुसली. तिथल्या सरकारनेच सांगितलं की सुमारे ११० कोटी रुपये चुकीच्या खात्यांत गेले. कृषी खात्यातले लॉगिन आणि पासवर्ड एजंटांच्या हाती लागले होते. एजंटांना अटक झाली. काही कंत्राटी कर्मचाऱ्यांना कामावरून काढलं, काही अधिकाऱ्यांना निलंबित केलं.

आणि लांब कशाला जायचं? जालना जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टीच्या अनुदानाच्या यादीत बोगस नावं घालून कोट्यवधी रुपये लाटल्याचं प्रकरण गाजलं. तलाठी आणि इतर कर्मचाऱ्यांचं निलंबन झालं, पोलिसांत गुन्हाही दाखल झाला. वरिष्ठांच्या लॉगिनचा गैरवापर झाल्याचा आरोप त्यातही आहे. कोण दोषी ते कोर्ट ठरवेल.

पहिल्या दोन प्रकरणांत माहिती बाहेर गेली, पुढच्या दोन प्रकरणांत खोटी माहिती आत घातली गेली. चारही ठिकाणी वापरला गेला तो सरकारने विश्वासाने दिलेला अधिकार.

लॉगिन एकाचं, हात पाच जणांचे

हे होतं कसं, ते समजून घ्या. प्रत्येक सरकारी पोर्टलला लॉगिन असतं. ते एका माणसाच्या नावाने असतं. कुणी, कधी, काय उघडलं याची नोंद यंत्रणा आपोआप ठेवू शकते. गोदामाच्या आवक-जावक वहीसारखीच ही वही. माहिती चोरीला गेली तर आधी तीच उघडायची असते.

पण प्रत्यक्षात काय होतं? साहेबांकडे चार गावांचा पदभार. नेट कधी चालतं, कधी नाही. शेवटची तारीख उद्यावर आलेली. मग साहेब पासवर्ड ऑपरेटरला देतात. ऑपरेटर सुट्टीवर गेला की तो शेजारच्या टेबलावर देतो. कधी कागदावर लिहून मॉनिटरलाच चिकटवतात. ओटीपी आला तर फोनवरून सांगतात. कुणी नोकरी सोडून जातं, पण पासवर्ड तोच राहतो.

आता पाच जणांपैकी एकाने रात्री बसून दोनशे लोकांची यादी उतरवून घेतली. वही उघडली तर नाव कुणाचं निघेल? साहेबांचं. साहेब म्हणणार, मी नव्हतो. ऑपरेटर म्हणणार, पासवर्ड सगळ्यांकडेच होता. चोर सापडत नाही आणि प्रकरण फाईलमध्ये बंद होतं. पासवर्ड वाटून घेण्याचं खरं नुकसान हे आहे. चोरी सोपी होते आणि चोर कोण ते सिद्ध करणं अवघड होतं.

यात बहुतेक कर्मचारी प्रामाणिक असतात, हेही सांगायला हवं. खुर्चीवर बसलेला ऑपरेटर आपल्याच गावचा, तुटपुंज्या मानधनावर काम करणारा पोरगा असतो. गडबड झाली की सगळ्यात आधी त्याच्याच गळ्यात येते. म्हणून ज्याचं लॉगिन त्यानेच वापरायचं, हा नियम त्याच्याही फायद्याचा आहे.

माझी माहिती घेऊन कुणी काय करणार?

"आपल्याकडं आहेच काय चोरायला?" असं गावात बरेच जण म्हणतात. पण फसवणारा तुमची खरी माहिती सांगतो, म्हणूनच तुमचा विश्वास बसतो. पिकाचं नाव, बँकेचं नाव, मुलाचं नाव बरोबर सांगितलं की समोरचा ऑफिसातलाच वाटतो. त्यानंतर तो लिंक पाठवतो, अ‍ॅप टाकायला लावतो आणि खातं रिकामं होतं.

तुमच्या कागदांवर दुसराच कुणी सिमकार्ड घेऊ शकतो. त्या सिमवरून गुन्हा झाला तर पोलीस आधी तुमच्या दारात येतात. अंगठा लावून पैसे काढायच्या सोयीतही असे प्रकार देशात झालेत. कागदावरच्या अंगठ्यावरून नकली ठसा बनवला, आधार क्रमांक आणि बँकेचं नाव आधीच हाताशी होतं, आणि पैसे गेले. त्यात ओटीपी येत नाही.

कायदा काय म्हणतो?

आधार कायदा २०१६ चा आहे. आधारसाठी घेतलेली ओळखीची माहिती जाणूनबुजून बेकायदा दुसऱ्याला दिली तर ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आधारच्या मुख्य साठ्यात परवानगीशिवाय घुसलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर १० वर्षांपर्यंत कैद आणि किमान १० लाख रुपये दंड आहे. पूर्वी अशा गुन्ह्यांची तक्रार फक्त प्राधिकरणच कोर्टात करू शकत होतं. त्याच दुरुस्तीने काही गुन्ह्यांत आधारधारकालाही तो हक्क मिळाला.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. त्यानंतर २०२३ मध्ये व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. तो टप्प्याटप्प्याने लागू होतोय. माहिती फुटली तर ज्याची माहिती त्याला कळवणं त्यात बंधनकारक आहे आणि दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. मात्र सरकारी यंत्रणांना काही बाबतींत सूट देण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. त्यामुळे सगळं कायद्यावर सोडून निवांत बसता येणार नाही.

आपल्या हातात काय आहे?

आधार कुठे वापरलं ते बघा. आधारच्या अधिकृत अ‍ॅपमध्ये किंवा वेबसाइटवर 'ऑथेंटिकेशन हिस्टरी' असते. मागच्या ६ महिन्यांत तुमचं आधार कोणत्या संस्थेने, कोणत्या तारखेला, किती वाजता तपासलं ते तिथे दिसतं. तुम्ही शेतात होता त्या वेळी अंगठा लागलेला दिसला, तर दाल में काला आहे असं समजा. यासाठी मोबाईल नंबर आधारला जोडलेला हवा.

अंगठा लॉक करा. त्याच अ‍ॅपमध्ये 'बायोमेट्रिक लॉक' आहे. लॉक असताना तुमच्या ठशाने काहीच होत नाही. रेशन घ्यायला जाताना तेवढ्यापुरतं उघडायचं, आल्यावर पुन्हा लॉक. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचंही बघून द्या, पण लॉक केल्याचं त्यांना सांगा. नाहीतर रेशन दुकानावर हेलपाटा पडेल.

पूर्ण आधार देत फिरू नका. 'मास्क्ड आधार' डाउनलोड होतं, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. चालत असेल तिथे तेच द्या. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवी रेघ मारून काम आणि तारीख लिहा, उदाहरणार्थ "फक्त पीक विमा अर्जासाठी". बिघडलेली झेरॉक्स दुकानात टाकून येऊ नका.

तुमच्या नावावर सिम किती? 'संचार साथी' या सरकारी पोर्टलवर ते दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवता येतं.

पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. बँकेलाही त्याच वेळी कळवा. आधारच्या तक्रारीसाठी १९४७ हा नंबर आहे.

तक्रार लेखी द्या. कार्यालयातून माहिती फुटल्याचा संशय असेल तर तहसीलदारांना अर्ज द्या आणि पोच घ्या. फोन कधी आला, कुठल्या नंबरवरून आला आणि त्याला तुमची कोणती माहिती ठाऊक होती, हे तारीख-वेळेसह लिहा. "माझी नोंद कोणत्या लॉगिनने, कधी उघडली गेली ते तपासावं" ही मागणी अर्जात जरूर टाका. त्यामुळे ती वही उघडायला लागते. पुरावा नसताना मात्र कुणाचं नाव घेऊ नका.

ग्रामसभेत विचारायचे तीन प्रश्न

ग्रामसभेत रस्ता, पाणी, घरकुल यांवर आपण हक्काने बोलतो. पुढच्या वेळी हे तीन प्रश्नही विचारा. ग्रामपंचायतीत कोणकोणत्या पोर्टलची लॉगिन आहेत आणि ती कुणाच्या नावावर आहेत? प्रत्यक्षात ती कोण वापरतं? काम सोडून गेलेल्या माणसाचं लॉगिन बंद केलं का, पासवर्ड शेवटचा कधी बदलला?

पासवर्ड विचारायचा नाही, तो कुणी सांगायचाही नाही. फक्त किल्ली कुणाकडे आहे ते विचारायचं आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायचं. कुंपण शेत खातं हे खरं, पण धनी रोज बांधावर फेरी मारतो त्या शेताचं कुंपण जागेवर राहतं.